चांदीच्या परदेशी नाण्यांचा मिश्र लॉट: भाव कसा ठरवावा आणि नाणी कशी निवडावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक देशांच्या जुन्या नाण्यांचा, सुमारे दोन किलो वजनाचा एक लॉट आपल्याला देऊ केला आहे. सर्व नाणी चांदीची आहेत असे विक्रेता सांगतो आणि एकूण वजनाला शुद्ध चांदीचा भाव लावून त्यातून दहा टक्के वजा करून किंमत मागतो. हा व्यवहार करावा का, नाणी हाती आल्यावर ती कशी वेगळी करावीत आणि काळी पडलेली नाणी स्वच्छ करावीत का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. गेली पंचवीस वर्षे मी असे लॉट घेत, निवडत आणि विकत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: या हिशेबाने लॉट घेऊ नये. लॉट वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो उत्तमही असू शकेल. पण सांगितलेला भाव कोणत्याही मिश्र लॉटला लागू पडत नाही.

चलनात फिरण्यासाठी पाडलेले नाणे शुद्ध चांदीचे जवळजवळ कधीच नसते. शुद्ध चांदी मऊ असते आणि लवकर झिजते, म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. ते किती मिसळायचे, हे प्रत्येक देशाने आणि त्या देशाच्या प्रत्येक राजवटीने आपापल्या गरजेप्रमाणे ठरवले. ही शुद्धता हजार भागांत सांगतात. ९०० शुद्धतेच्या नाण्यात हजारांपैकी ९०० भाग चांदी असते. आता एक किलोचा ढीग डोळ्यांसमोर आणा. त्यात ४०० ग्रॅम अमेरिकन नाणी ९०० शुद्धतेची, ३०० ग्रॅम ब्रिटिश नाणी ५०० ची, २०० ग्रॅम स्वीडिश क्रोना ४०० शुद्धतेचे आणि १०० ग्रॅम मेक्सिकन पेसो १०० शुद्धतेचे असतील, तर शुद्ध चांदी अनुक्रमे ३६०, १५०, ८० आणि १० ग्रॅम, म्हणजे एकूण ६०० ग्रॅम भरते. आपला दोन किलोंचा लॉट असाच निघाला, तर आपण १,८०० ग्रॅम चांदीचे पैसे देऊन १,२०० ग्रॅम घरी आणाल. दहा टक्के सवलत मिळाल्याचे समाधान वाटेल, आणि प्रत्यक्षात दीडपट किंमत दिलेली असेल. अशा लॉटमध्ये एकही नाणे खोटे नसते, विक्रेत्याचे विधानही एका अर्थी खरेच असते, आणि तरीही खरेदीदार फसतो.

मेक्सिकोच्या पेसोचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण सुरुवातीच्या काळात माझी स्वतःची चूक तिथेच झाली होती. एका लॉटमध्ये पन्नासाहून अधिक मोठे, जाड, भारदस्त पेसो होते आणि त्यांच्याकडे पाहूनच मी किंमत मान्य केली. घरी येऊन वर्षे वाचली, तेव्हा सगळे १९५७ ते १९६७ या काळातले निघाले. या पेसोचे वजन १६ ग्रॅम असते आणि त्यात चांदी असते फक्त १.६ ग्रॅम. याच देशाने १९२० ते १९४५ या काळात ७२० शुद्धतेचा १६.६६ ग्रॅमचा पेसो पाडला होता. १९४७ ते १९४९ मध्ये तो ५०० शुद्धतेवर आला, १९५० मध्ये ३०० वर आणि शेवटी १०० वर. देशाचे नाव तेच, नाण्याचे नावही तेच, आकारही डोळ्यांना साधारण सारखाच. चांदी मात्र प्रत्येक टप्प्यावर कमी होत गेली. तेव्हापासून नाण्यावरचे वर्ष वाचल्याशिवाय मी कोणत्याही नाण्याची किंमत मनातल्या मनातसुद्धा ठरवत नाही. माझ्या या उत्तरातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवा.

याहूनही फसवे उदाहरण ब्रिटनच्या हाफ क्राउनचे आहे. १९१९ पर्यंत हे नाणे ९२५ शुद्धतेचे होते. पहिल्या महायुद्धानंतर चांदीचा भाव इतका चढला की नाण्यातील धातू त्याच्या दर्शनी मूल्यापेक्षा महाग ठरू लागला, आणि १९२० मध्ये शुद्धता ५०० वर आणली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची असल्यामुळे १९४७ पासून चांदी पूर्णपणे काढून टाकून तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नाणी सुरू झाली. या तिन्ही प्रकारच्या हाफ क्राउनचे वजन १४.१४ ग्रॅमच आहे आणि व्यासही तोच आहे. वजनकाटा इथे काहीच सांगत नाही, आणि तांबे-निकेलच्या नाण्याला चुंबकही लागत नाही. वर्ष मात्र अचूक सांगते. शिलिंग, फ्लोरिन आणि सिक्सपेन्स यांनाही हीच दोन वर्षे लागू आहेत.

याउलट स्वित्झर्लंडच्या नाण्यांवरची उभी हेल्वेशिया, म्हणजे त्या देशाचे प्रतीक असलेली स्त्री, १९६७ च्या आधी आणि नंतर तशीच राहिली, पण तिथे वजन मदतीला येते. चांदीचा एक फ्रँक ५ ग्रॅमचा आणि ८३५ शुद्धतेचा आहे, तर १९६८ पासूनचा तांबे-निकेलचा फ्रँक ४.४ ग्रॅमचा; दोन फ्रँक अनुक्रमे १० आणि ८.८ ग्रॅमचे. कॅनडात १९६८ मध्ये दहा आणि पंचवीस सेंटची नाणी आधी ५०० शुद्धतेच्या चांदीत आणि मग निकेलमध्ये पाडली गेली, त्यामुळे तिथे वर्ष पाहूनही निर्णय होत नाही. पण शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते, म्हणून त्या एका वर्षापुरते काम चुंबक करतो. प्रत्येक देशाची अशी एक स्वतंत्र खूण असते आणि दोन-तीन लॉट हाताखालून गेले की ती आपोआप लक्षात राहू लागते.

मिश्र लॉटमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या देशांची सीमारेषेची वर्षे इथे देतो. अमेरिकेची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी १९६४ पर्यंत ९०० शुद्धतेची आहेत. पन्नास सेंट १९६५ ते १९७० या काळात ४०० शुद्धतेचे आहे आणि तेव्हा त्याचे वजन १२.५ ग्रॅमवरून ११.५ ग्रॅम झाले. अमेरिकेचे पाच सेंट एरवी चांदीचे नसते, पण युद्धामुळे निकेलची टंचाई असताना १९४२ ते १९४५ दरम्यान पाडलेल्या नाण्यांत ३५ टक्के चांदी आहे. मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठे टांकसाळचिन्ह (नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले ते सांगणारे अक्षर) असेल तर ते नाणे वेगळे ठेवा. कॅनडात १९१९ पर्यंत ९२५ आणि १९२० ते १९६६ या काळात ८०० शुद्धता आहे. ऑस्ट्रेलियात १९४५ पर्यंत ९२५, १९४६ पासून ५००. न्यूझीलंडमध्ये १९३३ ते १९४६ अशी सर्व काळ ५००. दक्षिण आफ्रिकेत १९२३ पासून १९५० पर्यंत ८०० आणि नंतर ५००. ब्रिटिश हिंदुस्थानचा ११.६६ ग्रॅमचा रुपया दीर्घकाळ ९१७ शुद्धतेचा होता, १९४० च्या रुपयापासून तो ५०० वर आला आणि १९४७ मध्ये निकेलचा झाला. जर्मन साम्राज्याचा मार्क ९०० चा, आणि १९५१ ते १९७४ चे चलनी पाच मार्क ११.२ ग्रॅमचे व ६२५ शुद्धतेचे. जपानचे शंभर येन १९५७ ते १९६६ या काळात ६०० शुद्धतेचे, ४.८ ग्रॅम वजनाचे.

युरोपातील एकोणिसाव्या शतकाची नाणी पहिल्यांदा पाहणारा माणूस त्यांच्या विविधतेने गोंधळतो, पण प्रत्यक्षात हाच भाग सर्वांत सोपा आहे. फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी १८६५ मध्ये केलेल्या लॅटिन चलनसंघामुळे मोठे पाच फ्रँकचे नाणे २५ ग्रॅमचे व ९०० शुद्धतेचे, आणि दोन, एक व अर्धा फ्रँक १०, ५ आणि २.५ ग्रॅमचे व ८३५ शुद्धतेचे असे एकच माप ठरले. ग्रीस पुढे त्यात सामील झाला, आणि स्पेनच्या पेसेटाने संघात न जाताही हेच माप उचलले. त्यामुळे अनोळखी देशाचे, त्या काळातले नाणे काट्यावर २५ ग्रॅमच्या आसपास थांबले, तर त्याच्या शुद्धतेचा पहिला अंदाज ९०० चा ठेवण्यास हरकत नाही. फ्रान्सची १९२९ ते १९३९ या काळातली दहा आणि वीस फ्रँकची नाणी मात्र ६८० शुद्धतेची आहेत आणि त्यांना हे माप लावू नये.

आता भावाकडे वळतो. विक्रेत्याकडे सर्व नाण्यांची, दोन्ही बाजूंची, वर्ष वाचता येईल अशी छायाचित्रे मागा. तो चार निवडक नाण्यांचीच छायाचित्रे देत असेल, तर बाकीचा ढीग त्या चार नाण्यांसारखा नाही असे गृहीत धरून हिशेब करा. छायाचित्रांवरून देश आणि वर्षानुसार शुद्धतेचे गट पाडा आणि प्रत्येक गटाचे वजन मागा. पुस्तकातील वजन गुणिले संख्या असा हिशेब करू नका, कारण झिजलेले नाणे आपल्या मूळ वजनाला उतरत नाही. अमेरिकन नाण्यांच्या व्यापारात ही झीज आधीच धरतात: एका डॉलरच्या दर्शनी मूल्याच्या नव्या ९०० शुद्धतेच्या सुट्या नाण्यांत ०.७२३४ ट्रॉय औंस चांदी असते, पण वापरलेल्या नाण्यांसाठी व्यवहार ०.७१५ वर होतो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम.

४०० आणि त्याखालच्या शुद्धतेच्या नाण्यांतील चांदी मी पूर्ण भावाने कधीच धरत नाही. अशा नाण्यांची आटणी करून शुद्ध चांदी काढण्याचा खर्च मोठा असतो, त्यामुळे मोडीत ती विकताना त्यांतील चांदीचा पूर्ण मोबदला कोणी देत नाही. १०० शुद्धतेचे पेसो माझ्या हिशेबात शून्य असतात. उरलेल्या नाण्यांतील शुद्ध चांदीचे वजन काढून त्यावर आपल्याला परवडेल ती सवलत मागा. एखादे दुर्मिळ नाणे निघेल या आशेचे पैसे देऊ नका. असे लॉट बहुधा कुणीतरी आधी निवडलेले असतात, आणि हे ओळखताही येते: एकाही देशाचे मोठे नाणे नाही, सर्व नाणी सारखीच झिजलेली आहेत, आणि नेहमीच्या वर्षांखेरीज एकही वर्ष दिसत नाही, तर चांगली नाणी आधीच बाहेर गेलेली आहेत. तरीही धातूच्या योग्य भावाने मिळत असेल तर असा लॉट घेण्यात गैर काही नाही. फक्त तो धातू म्हणून घ्यावा.

बनावट नाण्यांचा धोका लहान नाण्यांत कमी आणि रुपयापेक्षा मोठ्या, डॉलरच्या आकाराच्या नाण्यांत फार मोठा आहे. अमेरिकेचे मॉर्गन डॉलर आणि ट्रेड डॉलर, राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईचा चेहरा असलेले चिनी डॉलर, स्पॅनिश आठ रेआल आणि रशियन रूबल यांपैकी काहीही स्वस्त लॉटमध्ये दिसले, तर सिद्ध होईपर्यंत ते खोटे माना. पहिली कसोटी पुन्हा वर्षाचीच आहे. चलनासाठीचे मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि नंतर फक्त १९२१ मध्ये पाडले गेले. त्यामुळे त्यावर १९०८ असे वर्ष असेल, तर पुढची कोणतीही परीक्षा करण्याची गरज नाही. दुसरी कसोटी वजनाची. तिसरी घनतेची, आणि ती घरी करता येते. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळते ठेवा, तळाला टेकू देऊ नका; काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. ९०० शुद्धतेची घनता सुमारे १०.३ असते, म्हणून २६.७३ ग्रॅमच्या मॉर्गन डॉलरने सुमारे २.६ ग्रॅम पाणी बाजूला सारले पाहिजे. आत पितळ किंवा तांबे-निकेल असेल तर हा आकडा ३ च्या आसपास जातो. काटा किमान ग्रॅमचा शतांश भाग दाखवणारा असावा.

शक्तिशाली चुंबक उपयोगी आहे, पण त्याचा उपयोग केवळ नाणी बाद करण्यापुरता आहे. चिकटले ते चांदीचे नाही, हे नक्की. न चिकटलेले चांदीचे आहेच असे मात्र नाही. तिरक्या धरलेल्या चांदीच्या नाण्यावरून चुंबक अडखळत, हळूहळू घसरतो हे खरे आहे, पण तांब्यावरूनही तो तसाच घसरतो. क्ष-किरणांवर चालणारे धातुपरीक्षण यंत्र फक्त वरचा थर वाचते. ५०० शुद्धतेच्या अनेक नाण्यांचा पृष्ठभाग टांकसाळीतच आम्लाने उजळवलेला असतो, त्यामुळे वरच्या थरात चांदीचे प्रमाण आतल्यापेक्षा जास्त असते आणि यंत्र प्रत्यक्षाहून वरचा आकडा दाखवू शकते. कसोटीचे आम्ल मात्र नाण्याला कधीही लावू नका. त्याचा डाग कायमचा राहतो, आणि जे नाणे खरे निघाल्याचा आनंद व्हायचा तेच त्या परीक्षेत खराब झालेले असते.

लॉट हाती आल्यावर मऊ कापड पसरून त्यावर नाणी मांडा आणि प्रत्येक नाणे कडेला धरूनच उचला. पहिली फेरी चुंबकाची, दुसरी देशांची, तिसरी वर्षांची. प्रत्येक देशाचा गट पुरा झाल्याशिवाय पुढच्या देशाकडे जाऊ नका. आवडलेले नाणे पाहत बसण्याचा मोह होतो आणि त्यात गट एकमेकांत मिसळतात.

वर्षांच्या फेरीत वेळ लागतो तो वेगळ्या कालगणनांमुळे. अरबी आकड्यांत शून्य हा नुसता ठिपका असतो आणि पाच हा आकडा आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल दिसतो, त्यामुळे मराठी वाचकाची हमखास चूक होते. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सनाचा जवळचा अंदाज येतो. ऑटोमन नाण्यांवर आणखी एक पायरी आहे: त्यांवर सुलतानाच्या राज्यारोहणाचे वर्ष असते आणि त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, तो आकडा वेगळ्या ठिकाणी असतो. दुसऱ्या अब्दुल हमीदच्या प्रत्येक नाण्यावर १२९३ हेच वर्ष दिसते, मग ते १८७६ चे असो की त्यानंतर वीस वर्षांनी पाडलेले. नेपाळच्या नाण्यांवरचे देवनागरी आकडे आपल्याला सहज वाचता येतात, पण विक्रम संवताच्या वर्षातून ५७ वजा करायचे राहून जाते. जपानच्या नाण्यांवर सम्राटाच्या युगाचे वर्ष असते. मेइजी युगाच्या वर्षात १८६७, ताइशोच्या वर्षात १९११ आणि शोवाच्या वर्षात १९२५ मिळवावेत.

काही नाण्यांवरचे वर्ष वाचूनही ते केव्हा पाडले हे कळत नाही. १७८० सालचा मारिया थेरेसा थालर, वजन २८.०७ ग्रॅम आणि शुद्धता ८३३, त्या राणीच्या मृत्यूनंतर तेच वर्ष कायम ठेवून दीडशेहून अधिक वर्षे पाडला जात राहिला. व्हिएन्नाबाहेर रोम, लंडन आणि मुंबईच्या टांकसाळींतही तो पाडला गेला. तो चांदीच्या हिशेबाने चांगला आहे, मात्र वर्षावर भुलून त्याला अठराव्या शतकाचे नाणे समजू नये. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८६२ च्या रुपयाचेही असेच आहे. ते वर्ष नाण्यावर पुढे अनेक वर्षे तसेच राहिले आणि ठिपक्यांवरून त्याचे प्रकार ओळखतात.

वर्षे वाचतानाच टांकसाळचिन्ह वाचण्याची सवय लावा, कारण धातूच्या किमतीपलीकडची किंमत बहुधा तिथेच दडलेली असते. जर्मनीचे १९५८ चे पाच मार्क साधे दिसतात, पण त्यावर हॅम्बुर्गच्या टांकसाळीचे J हे अक्षर असेल तर ती केवळ साठ हजार पाडली गेली होती. १९०५ चा ब्रिटिश हाफ क्राउन, १९४८ चा कॅनडाचा डॉलर, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा १८९३ चा मॉर्गन ही अशीच नाणी आहेत, आणि नेमकी हीच नाणी बनावटही निघतात. चिन्ह मागाहून चिकटवलेले आहे का, हे भिंगाखाली पाहा. भोक पाडलेली, दागिन्यातून काढलेली, कडेला डाक (जोडकामाचा धातू) लावल्याच्या खुणा असलेली नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि धातूच्याच भावाने धरा. डाकेचे वजन चांदीत मोजू नका. चिनी व्यापाऱ्यांनी पारखून ठोकलेल्या लहान छापांची डॉलर नाणी मात्र या पाकिटात टाकू नका, त्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत.

आपला तिसरा प्रश्न स्वच्छतेचा होता, आणि याबाबत मला मनापासून विनंती करायची आहे: नाणी घासू नका. काळेपणा हा चांदीवर गंधकाच्या संयोगाने आलेला पातळ थर आहे आणि तो नाण्याला खात नाही. पॉलिश, दंतमंजन, खाण्याचा सोडा, अ‍ॅल्युमिनियमचा कागद किंवा बुडवून उजळवणारे तयार द्रावण यांपैकी काहीही वापरले, तरी टांकसाळीतून येताना पृष्ठभागावर असलेली चमक जाते आणि ती परत आणता येत नाही. अनुभवी खरेदीदार घासलेले नाणे एका नजरेत ओळखतो. अपवाद हिरव्या चिकट थराचा आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतील पीव्हीसीमुळे तो येतो आणि नाण्याला खरोखरच हानी करतो. अशा नाण्याला शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, बाहेर काढून सुकू द्यावे. नखांचा रंग काढण्याचे द्रावण त्यासाठी चालत नाही, कारण त्यात इतर पदार्थ असतात. हे काम हवेशीर जागी, आगीपासून दूर आणि काचेच्या भांड्यात करावे.

एक वही सुरू करा आणि प्रत्येक गटासाठी देश, वर्षांची मर्यादा, शुद्धता, संख्या, प्रत्यक्ष वजन आणि शुद्ध चांदीचे वजन लिहा. ओळख न पटलेली नाणी शेवटी उरतील. त्यांचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ती एकत्र ठेवा आणि घाईने मोडीत घालू नका. सध्याच्या लॉटसाठी विक्रेत्याला देश व वर्षानुसार वजने मागणारे पत्र लिहा. त्याने ती दिली तर वरील पद्धतीने काढलेला आकडा त्याला कळवा, आणि तो वजने देण्यास तयार नसेल तर हा लॉट सोडून द्या.